उसनें दिलेलें मस्तक

कोणत्याही कलेचा इतिहास वाचावयास घेतला, म्हणजे त्यांत कलावंताचें नांव सांपडतें, त्याच्या आश्रयदात्याचें सांपडतें, क्वचित् टीकाकाराचेंही सांपडतें. परंतु ज्या द्रव्यावर ती कला उमटली त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. शिल्पकलेच्या बाबतींत ही उपेक्षा क्षम्य आहे, कारण पाषाणाला टांकीचा घाव दुखत नाहीं. केशरचनेची गोष्ट मात्र वेगळी. तिचें द्रव्य जिवंत माणसाच्या मस्तकावर उगवतें. तें तापविलें तर खालची त्वचा भाजते, कापलें तर माणसाचा चेहराच बदलतो, आणि बिघडलें तर तें बिघडलेलें रूप घेऊन त्या माणसाला कित्येक महिने लोकांत वावरावें लागतें. असें असूनही केशरचनेच्या इतिहासांत कात्री चालविणाऱ्यांचीं नांवें ठळक अक्षरांत आहेत; जिच्या डोक्यावर ती चालली तिचें नांव बहुधा नाहींच.

आजच्या सौंदर्यव्यवसायांत अशा स्त्रीला 'हेअर मॉडेल' म्हणतात. नव्या कापणीचा प्रयोग करून पाहतां यावा म्हणून, विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून, रंगाच्या किंवा तेलाच्या जाहिरातीसाठीं, अथवा व्यासपीठावर प्रेक्षकांसमोर कसब दाखवितां यावें यासाठीं ती आपलें मस्तक कांहीं तास दुसऱ्याच्या स्वाधीन करते. कधीं तिला रोख पैसे मिळतात. पुष्कळदां फुकट किंवा स्वस्तांत झालेली कापणी हाच तिचा मोबदला असतो. हा धंदा चित्रपट आणि सचित्र मासिकें यांच्या युगांतला, अगदीं अलीकडचा, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः त्याची परंपरा अडीचशें वर्षांची आहे. तिचा मागोवा घेतांना प्रस्तुत लेखांत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावयाचा आहे : कसब एकाचें आणि मस्तक दुसऱ्याचें, अशा या व्यवहारांत जोखीम कोणाच्या वाट्यास आली, आणि यश कोणाच्या?

प्रारंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. केस विकणें निराळें आणि मस्तक उसनें देणें निराळें. केस विकणाऱ्या स्त्रीची कथा कादंबरीकारांनीं मनापासून सांगितली आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' (१८६२) मधील फाँतीन मुलीला लोकरीचें वस्त्र घेण्यासाठीं आपले केस दहा फ्रँकांना विकते. लुइझा मे आल्कॉटच्या 'लिटल विमेन' मधील जो आजारी बापासाठीं पंचवीस डॉलर मिळविते तें केस देऊनच. आणि टॉमस हार्डीच्या 'द वुडलँडर्स' (१८८७) मधील मार्टी साउथ हिच्या केसांना गांवांतील धनिक बाईच्या डोक्यावर मिरवण्यासाठीं दोन सुवर्णनाण्यांची किंमत येते. हा व्यवहार आजही चालू आहे. तिरुमलै येथें भाविकांनीं देवाला वाहिलेले केस लिलावानें विकले जातात आणि परदेशांतील टोपांत जाऊन बसतात. परंतु या सर्वांत केस एकदां डोक्यावरून उतरले कीं विकणारीचा त्यांच्याशीं संबंध तुटतो. मस्तक उसनें देणारीचें तसें नाहीं. तिच्या केसांबरोबर तिलाही बसावें लागतें, तिलाही रस्त्यानें चालावें लागतें. माल आणि मालक यांची येथें फारकतच होत नाहीं. कादंबरीकारांनीं जिच्याकडे फारसें पाहिलें नाहीं, ती ही दुसरी स्त्री.

तिची पहिली स्पष्ट ओळख आपल्याला अठराव्या शतकांतील पॅरिस शहरांत होते. लग्रो द र्‍यूमिन्यी नांवाचा एक गृहस्थ तेथें होता. हा मूळचा एका सरदाराच्या घरचा आचारी. पण पळी सोडून त्यानें फणी हातीं घेतली, आणि थोड्याच वर्षांत स्त्रियांचा केशरचनाकार म्हणून तो नांवारूपास आला. १७६३ सालीं एका जत्रेंत त्यानें तीस बाहुल्या मांडल्या. प्रत्येकीची केशरचना वेगळी. पुढें त्यानें आपल्या रचनांच्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७६९ सालीं केशरचनेची चक्क एक अकादमीच उघडली. घरगडी, दासी आणि धंदेवाईक केशरचनाकार तेथें शिकावयास येत. आतां बाहुलीच्या डोक्यावर हात बसत नाहीं, हें कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. बाहुली मान हलवीत नाहीं, तिच्या केसांना तेल सुटत नाहीं, ती 'दुखतें' म्हणून ओरडत नाहीं. म्हणून लग्रोनें गरीब मुलींचीं डोकीं मिळविलीं. फ्रेंच भाषेंत त्यांना 'डोकें उसनें देणाऱ्या' अशाच अर्थाचें नांव पडलें. आणि विद्यार्थ्यांचें काम आटोपलें म्हणजे या मुलींना सजविलेल्या मस्तकांसह शहरांतील सहलीच्या रस्त्यांवरून फिरवीत, जेणेंकरून येणारेजाणारे पाहतील आणि अकादमीची कीर्ति पसरेल.

वाचकांनीं या दृश्यावर क्षणभर थांबावें. या धंद्याचीं पुढचीं सारीं अंगें येथें बीजरूपानें हजर आहेत : शिक्षणासाठीं मस्तक, प्रदर्शनासाठीं मस्तक, जाहिरातीसाठीं मस्तक. दुपारभर उमेदवारांचे अनभ्यस्त हात सोसावयाचे आणि संध्याकाळीं सरदारकन्येसारखें डोकें घेऊन आपल्या जुनेर वस्त्रांत रस्त्यानें चालावयाचें, या विसंगतीचें त्या मुलींना काय वाटत होतें, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. लग्रोचा अंत मात्र लिहिलेला आहे. १७७० च्या ३० मे रोजीं, युवराजाच्या विवाहानिमित्त झालेल्या दारूकामाच्या प्रसंगीं पॅरिसच्या चौकांत चेंगराचेंगरी होऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं, त्यांत तो होता. त्या विवाहांतील वधू होती मारी आंत्वानेत.

ही राजकन्या पुढें राणी झाली, आणि जणूं लग्रोच्या मुलींचें काम तिनें सिंहासनावर बसून चालविलें. तिच्या केशरचनाकाराचें नांव लेओनार. त्यानें रचलेले उंच मनोरे, त्यांत खोंवलेलीं पिसें, फुलें आणि प्रतिमा यांची वर्णनें सर्वपरिचित आहेत. १७७४ सालीं नव्या राजानें देवीची लस टोंचून घेतली, तेव्हां त्या घटनेच्या गौरवार्थही एक केशरचना निघाली. तिच्यांत उगवता सूर्य होता आणि ऑलिव्हच्या झाडाला विळखा घातलेला सर्प होता. मस्तकाचें वर्तमानपत्र व्हावें तसा हा प्रकार. परंतु याहून मार्मिक गोष्ट राणीची दासी मादाम कांपां हिच्या आठवणींतून कळते. राजसेवेंतील मनुष्यानें बाहेरच्यांचें काम करूं नये, असा दरबारचा दंडक होता. पण एकाच डोक्यावर काम करून आपल्या केशरचनाकाराची अभिरुचि बोथट होईल, या भीतीनें राणीनें तो दंडक मोडला आणि त्याला शहरांतील स्त्रियांचीं मस्तकें सजविण्याची मोकळीक ठेविली. म्हणजे राणीचें मस्तक निर्दोष राहावें म्हणून सराव व्हावयाचा तो इतरांच्या मस्तकांवर! १७९३ सालीं वधस्तंभाकडे नेण्यापूर्वीं त्याच राणीचे केस जल्लादानें कापले, तेव्हां तिचें डोकें शेवटचें तिच्या मालकीचें राहिलें नाहीं. राजे आणि राण्या यांच्यासंबंधीं इतिहास असे तपशील जपून ठेवतो. लग्रोच्या मुलींपैकीं एकीचेंही पुढें काय झालें तें तो सांगत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या व्यवहाराचें केंद्र दरबारांतून दुकानांत आलें. १८७२ च्या सुमारास मार्सेल ग्रातो या तरुणानें तापविलेल्या चिमट्यानें केसांना लाटा पाडण्याची रीत पॅरिसमध्यें काढली. त्याचीं आरंभींचीं गिऱ्हाइकें माँमार्त्र भागांतील सामान्य बायका होत्या. नटी आणि धनिक स्त्रिया आल्या त्या रीत सिद्ध झाल्यावर. तापलेलें लोखंड केसाजवळ किती वेळ धरावें, याचा अंदाज ज्या डोक्यांवर बांधला गेला तीं डोकीं गरिबांचीं, आणि त्या अंदाजाचा लाभ ज्यांना झाला तीं श्रीमंतांचीं, हा क्रम वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल.

अमेरिकेंत मात्र याच शतकाच्या अखेरीस एक असा प्रकार घडला कीं, त्यांत मस्तक उसनें देणाऱ्यांनीं स्वतःच दुकान मांडलें. न्यूयॉर्क संस्थानांतील नायगारा परगण्यांत फ्लेचर सदरलंड नांवाचा एक धर्मोपदेशक होता. घरची स्थिति बेताचीच. पण त्याला सात मुली होत्या, आणि सातहीजणींचे केस विलक्षण लांब होते. लहानपणीं त्यांची आई त्यांच्या डोक्याला कसलेंसें उग्र वासाचें मलम चोळीत असे, आणि त्यामुळें शाळेंतलीं मुलें त्यांच्यापासून दूर पळत, अशी आख्यायिका आहे. मुली गात असत, वाद्यें वाजवीत असत. बापानें त्यांचे गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. परंतु लोक गाणें ऐकावयास येतात त्यापेक्षां केस पाहावयास अधिक येतात, हें त्या चतुर मनुष्याच्या लवकरच लक्षांत आलें. गाणें संपलें कीं सातहीजणी प्रेक्षकांकडे पाठ करीत आणि केस मोकळे सोडीत. सातांच्या केसांची एकत्रित लांबी ३७ फूट भरे, आणि एकट्या व्हिक्टोरियाचे केस सात फूट होते, असें जाहिरातींत सांगितलें जाई. बार्नम आणि बेली यांच्या जगप्रसिद्ध सर्कशींतही त्या दाखल झाल्या.

पुढें बापानें केस वाढविणारें एक औषध विक्रीस आणलें. त्याचें रासायनिक परीक्षण झालें, तेव्हां त्यांत मुख्यतः विच हेझल नांवाच्या झुडुपाचा अर्क आणि बे रम हें सुगंधी द्रव्य, इतकेंच निघालें. पण बाटलींत काय आहे हें पाहतो कोण? गिऱ्हाइकें पाहत होतीं तें बाटलीमागें उभें असलेलें मस्तक. या भगिनी शहरोशहरीं औषधांच्या दुकानांच्या दर्शनी कांचेआड केस सोडून बसत, बाहेर रस्त्यावर गर्दी लोटे, आणि बाटल्या खपत. एकंदर विक्री पंचवीस लाख डॉलरांवर गेली, असें म्हणतात. १८९३ सालीं त्यांनीं आपल्या गांवाजवळ एक प्रासादतुल्य घर बांधलें.

त्याच १८९३ सालीं नेओमी ही बहीण वारली. येथें या कथेंतील माझ्या मतें सर्वांत बोलकी गोष्ट घडली. 'सात सदरलंड भगिनी' हें व्यापारी नांव झालें होतें; सहा भगिनी घेऊन दुकान चालेना. तेव्हां तितक्याच लांब केसांची एक परकी स्त्री शोधून काढून तिला सातवी बहीण म्हणून उभें करण्यांत आलें. भगिनींनीं स्वतःच आपलें मस्तक व्यापारास लाविलें होतें खरें, नफाही त्यांच्याच घरांत येत होता. पण तो व्यापार वाढतां वाढतां असा झाला कीं, त्यांत मस्तकांची संख्या महत्त्वाची ठरली, माणसें कोणती हें महत्त्वाचें राहिलें नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत आखूड केसांची चाल निघाली. १९१५ च्या सुमारास आयरीन कॅसल या प्रसिद्ध नर्तकीनें केस कापले, आणि दहा वर्षांत लांब केस म्हणजे आजीचें लेणें ठरलें. सदरलंडांच्या बाटलीला गिऱ्हाईक उरलें नाहीं. १९३६ सालीं धंदा बंद झाला, १९३८ सालीं तो प्रासाद जळून गेला, आणि १९४६ सालीं शेवटची बहीण ग्रेस निवर्तली. ज्या दुकानाचें भांडवल डोक्यावर उगवतें, तें दुकान लोकांची आवड फिरली कीं एका पिढींत बसतें.

याच काळांत त्याच देशांत दुसऱ्या एका स्त्रीनें आपलेंच मस्तक जाहिरातींत घातलें. पण तिची कथा निराळी आहे. सेरा ब्रीडलव्ह ही १८६७ सालीं लुइझियाना संस्थानांत जन्मलेली. तिच्या आईबापांनीं गुलामगिरी भोगलेली. ती कपडे धुण्याचें काम करी, आणि ऐन तारुण्यांत तिचे केस गळूं लागले. केसांच्या औषधांची विक्री करतां करतां तिनें स्वतःचें मलम काढलें, आणि 'मादाम सी. जे. वॉकर' या नांवानें तें कृष्णवर्णीय स्त्रियांत नेलें. तिच्या जाहिरातींत तिचींच छायाचित्रें असत : मध्यें 'पूर्वीची' आणि दोन्ही बाजूंस 'नंतरची'. सदरलंड भगिनींनीं लोकांना आपलें वैभव दाखविलें. वॉकरनें आपलें उणेपण दाखविलें, आणि मग तें भरून आलेलेंही दाखविलें. तिनें हजारों स्त्रियांना विक्रीचें आणि केशोपचाराचें शिक्षण दिलें. दुसऱ्यांचीं घरें झाडण्याऐवजीं स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचा मार्ग त्यांना दाखविला. १९१९ सालीं ती वारली तेव्हां तिच्या मस्तकाचें चित्र डब्याडब्यावर होतें, आणि त्या चित्राखालीं तिचें नांव होतें. या सबंध इतिहासांत असें भाग्य फार थोड्या मस्तकांना लाभलें आहे.

आतां आपण अशा एका प्रसंगाकडे वळूं कीं, जेथें उसन्या मस्तकाची किंमत केवळ वेळांत किंवा मानांत मोजावी लागली नाहीं, तर शरीरांत मोजावी लागली. कार्ल नेस्लर हा जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशांत, टोडनाउ गांवीं, १८७२ सालीं जन्मला. त्याचा बाप चांभारकाम करी. केस निसर्गतः सरळ असतां त्यांना कायमची वळणें देतां येतील काय, या एका प्रश्नानें त्याला पछाडलें होतें. मार्सेलच्या चिमट्याच्या लाटा पाण्याचा थेंब पडला कीं ओसरत. नेस्लरला हव्या होत्या त्या न ओसरणाऱ्या. पॅरिस, जिनीव्हा असा फिरत तो लंडनला आला. तेथें त्यानें प्रयोग आरंभिले ते आपली पत्नी काथारिना लाइबले हिच्या डोक्यावर.

प्रयोगाची रीत अशी होती. केसांच्या बटा तीव्र क्षारानें भिजवावयाच्या, पितळी नळ्यांवर गुंडाळावयाच्या, आणि त्या नळ्यांना शंभर अंशांच्या आसपास उष्णता द्यावयाची. पहिल्या दोन्ही वेळीं काथारिनाचे केस जळून गेले, आणि डोक्याची कातडीही भाजली. तरी ती तिसऱ्या वेळीं बसली. १९०६ च्या ८ ऑक्टोबर रोजीं नेस्लरनें ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील आपल्या दुकानांत समव्यवसायी लोकांना बोलावून प्रात्यक्षिक करून दाखविलें; त्यांचें मत प्रतिकूलच पडलें. त्या यंत्राचें रूप पाहिलें, म्हणजे त्या लोकांना अगदींच दोष देतां येत नाहीं. जवळजवळ दोन दोन पौंड वजनाच्या डझनभर पितळी नळ्या. त्यांचा भार मानेवर पडूं नये म्हणून छतापासून झुंबरासारखी टांगलेली प्रतिभारांची सांखळी. आणि तिच्याखालीं सुमारें सहा तास हालचाल न करतां बसलेली एक स्त्री.

पुढचा इतिहास नेस्लरच्या उत्कर्षाचा आहे. त्याला यंत्राचें पेटंट मिळालें; महायुद्ध पेटल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्लंडांत राहणें अशक्य झालें, तेव्हां १९१५ सालीं तो अमेरिकेस गेला, तेथें 'चार्ल्स नेसल' या नांवानें त्याचीं दुकानें निघालीं; १९२८ सालीं त्यानें केसांवर एक ग्रंथ लिहिला, १९२९ च्या आर्थिक कोसळण्यांत त्याची पुंजी गेली, आणि १९५१ सालीं तो मरण पावला. सौंदर्यव्यवसायाचा कोणताही कोश उघडा, नेस्लर तेथें 'जनक' म्हणून भेटतो. काथारिना भेटते ती एका वाक्यांत. आणि तें वाक्य बहुधा तिच्या जळलेल्या केसांविषयींचें असतें. ती पत्नी नसती, तर तें एक वाक्यही मिळालें नसतें. तिची अनुमति किती मनापासून होती, पतीच्या ध्येयावरील श्रद्धेनें तिनें मान पुढें केली कीं घरांत दुसरें डोकेंच नव्हतें म्हणून, हें ठरविण्यास आपल्याजवळ साधन नाहीं. परंतु शोधाचें अर्धें श्रेय जोखमीला द्यावयाचें असेल, तर तो शोध दोघांचा आहे, एवढें म्हणण्यास साधनाची गरज नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत, विशेषतः १९६० नंतरच्या लंडनमध्यें, मस्तक उसनें देणारीला प्रथमच चेहरा मिळाला. व्हिडाल ससून या केशकर्तनकारानें १९६३ सालीं नॅन्सी क्वान या नटीचे लांब केस एका चित्रपटासाठीं कापून आखूड, कोनदार केले. त्याचें छायाचित्र निघालें, आणि कापणीबरोबर नटीचेंही नांव जगभर गेलें. त्याची पांच टोंकांची कापणी ग्रेस कॉडिंग्टन या मॉडेलच्या डोक्यावर प्रसिद्धीस आली. हीच ग्रेस पुढें अमेरिकेंतील 'व्होग' मासिकाची कलादिग्दर्शिका झाली. परंतु या काळांतील सर्वांत प्रसिद्ध कथा लेस्ली हॉर्नबी या मुलीची. १९६६ सालीं ती अवघी सोळा वर्षांची, लंडनच्या एका उपनगरांतील सामान्य घरची. मेफेअरमधील लेनर्ड नांवाच्या केशकर्तनकाराला आपल्या नव्या आखूड कापणीसाठीं डोकें हवें होतें. मारी आंत्वानेतच्या केशरचनाकाराशीं त्याचें नामसाम्य असावें, हा एक योगायोग. कापणें आणि रंगविणें मिळून सात-आठ तास गेले. बॅरी लाटेगन यानें तिचीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्यांतलें एक दुकानांत लावलें गेलें. तेथें 'डेली एक्सप्रेस' पत्राच्या एका लेखिकेची दृष्टि त्यावर पडली, आणि त्याच फेब्रुवारींत ती मुलगी त्या वर्षाचा चेहरा म्हणून पत्रांत झळकली. 'ट्विगी' या नांवानें जग तिला ओळखतें.

ही कथा पुढें इतक्या वेळां सांगितली गेली कीं, मस्तक उसनें देणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मनांत ती कोठें तरी घर करून असावी. लॉटरींत एकाला बक्षीस मिळाल्याची बातमी छापून येते. बाकीच्यांचीं तिकिटें कोणी छापीत नाहीं. ट्विगीनें त्या दिवशीं नकार दिला असता, तर लेनर्डला दुसरें डोकें सहज मिळालें असतें. तिला मात्र दुसरें डोकें नव्हतें. या व्यवहारांतील दोन पक्षांचें असमान बल या एका गोष्टींत सारें येतें.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार परका वाटेल. परंतु स्त्रीच्या मस्तकावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे, आणि तो अधिक दारुण स्वरूपांत विचारला गेला. विधवेच्या केशवपनाची रूढि उच्चवर्णीय समाजांत दृढ होती. तेथें मस्तक उसनेंही नव्हतें, तें सरळ हिरावून घेतलेलेंच होतें. त्या रूढीविरुद्ध सुधारकांनीं लेख लिहिले, व्याख्यानें दिलीं. पण १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं जें केलें, तें निराळ्याच जातीचें कृत्य होतें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें शेंकडों नाभिक एकत्र जमले, आणि विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालविणार नाहीं, असा त्यांनीं ठराव केला. त्यांत त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, तरी तो त्यांनीं केला. केशरचनेच्या पाश्चात्त्य इतिहासांत हत्यार धरणाऱ्या हाताच्या कौशल्याचीं उदाहरणें शेंकड्यांनीं सांपडतील. समोरच्या मस्तकाची संमति नाहीं म्हणून हत्यार खालीं ठेवणाऱ्या हाताचें उदाहरण मला तरी मुंबईचेंच ठाऊक आहे. तुलना सर्वांशीं जुळत नाहीं, हें मी जाणतों. हेअर मॉडेल स्वेच्छेनें खुर्चीवर बसते. विधवेला बसविलें जात असे. परंतु खुर्चीवर बसल्यानंतरही 'पुरे' म्हणण्याचा अधिकार शिल्लक राहतो कीं नाहीं, हा प्रश्न दोघींना सारखाच लागू आहे.

आणि तो प्रश्न जुना झालेला नाहीं. केस रंगविण्याच्या कित्येक द्रव्यांनीं त्वचेला अपाय होऊं शकतो, म्हणून अठ्ठेचाळीस तास आधीं थोडेंसें द्रव्य त्वचेवर लावून पाहावें, असा नियम आहे. ऐन वेळीं बोलाविलेल्या मॉडेलच्या बाबतींत हे दोन दिवस मिळतातच असें नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं ३३,४९७ स्त्रियांच्या दीर्घ निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; केस सरळ करणारीं रसायनें वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळलें. कार्यकारणभाव यानें सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण जिचें डोकें वर्षांतून अनेकदां दुसऱ्यांच्या प्रयोगासाठीं वापरलें जातें, तिनें हें ऐकून सावध व्हावें, इतकें तर ठरतेंच. फुकट कापणी हा मोबदला ठरवितांना या जोखमीचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

मग हा धंदा वाईट म्हणावयाचा काय? मला तसें वाटत नाहीं. कोणाच्या तरी मस्तकावर हात बसल्यावांचून कोणीही केशकर्तनकार तयार होत नाहीं. शस्त्रवैद्यालाही पहिला रुग्ण लागतोच. आपणांपैकीं प्रत्येकाच्या डोक्यावर आज जो सराईत हात फिरतो, त्याच्या मागें कोणा अनामिकांच्या बिघडलेल्या डोक्यांचें ऋण आहे. या ऋणाची फेड तीन गोष्टींत आहे : काय करणार तें आधीं सांगावें, मध्यें थांबवावयास सांगितलें तर थांबावें, आणि शेवटीं वेळेचे आणि जोखमीचे पैसे द्यावे. यांतली एकही गोष्ट अवघड नाहीं.

चौथी एक गोष्ट इतिहास लिहिणारांनीं करावयाची आहे. लग्रोच्या अकादमीचें वर्ष आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या बाहुल्यांची संख्या ठाऊक आहे. बाहुल्या तीस होत्या. संध्याकाळीं पॅरिसच्या रस्त्यावरून चालत गेलेल्या त्या मुली किती होत्या, हें मात्र कोणीं मोजलें नाहीं.